इतिहास शिकायचा, पण किती कर्ज काढून?

बारावीचा निकाल लागतो आणि कला शाखेतली एखादी मुलगी घरात सांगते, "मला इतिहास घेऊन बीए करायचंय." पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "इतिहास घेऊन पुढे काय?" आई विचारते, मामा विचारतो, शेजारचे निवृत्त गुरुजीही विचारतात. या प्रश्नात काळजी असते आणि ती रास्तच आहे. मात्र त्याला उत्तरं मिळतात ती दोनच. एक, "इतिहासात पैसा नाही." दुसरं, "आवड असली की पैसा मागून येतो." ही पदवी घ्यायला किती खर्च येणार आणि तो कुणाच्या पैशातून होणार, हे दोन्ही उत्तरांत कुठेच नसतं.

तालुक्याच्या अनुदानित महाविद्यालयात इतिहासाची पदवी घेणं हा एक निर्णय आहे. त्याच पदवीसाठी बारा लाखांचं कर्ज काढणं हा दुसराच निर्णय आहे. विषय एक, पुस्तकं बरीचशी तीच, पण पंचविसाव्या वर्षी या दोन विद्यार्थ्यांच्या हातात असलेलं स्वातंत्र्य सारखं नसतं. या प्रकरणात आपण तो हिशेब पायरीपायरीने मांडू. त्यासाठी शाळेत शिकलेलं व्याज आणि टक्केवारी आठवत असली की पुरे.

१. खर्च म्हणजे नुसती फी नव्हे

अनुदानित महाविद्यालयात मंजूर पदांवरच्या प्राध्यापकांचा पगार सरकार देतं. त्यामुळे तिथे कला शाखेची फी वर्षाला काही हजारांतच राहते. आपण हिशेबापुरते वर्षाला ८,००० रुपये धरू. तीन वर्षांचे झाले २४,०००. गावाहून एसटीने जाऊन-येऊन शिकणाऱ्या मुलीला याशिवाय पास, पुस्तकं आणि परीक्षेची फी, एवढाच खर्च.

आता हीच मुलगी पुण्यात राहून शिकते असं समजा. फी तेवढीच आहे, पण खोलीचं भाडं, खानावळ, प्रवास, मोबाइल मिळून महिन्याला १०,००० रुपये लागतात. वर्षातले दहा महिने धरले तरी तीन वर्षांचे तीन लाख झाले. म्हणजे २४,००० ची पदवी ३ लाख २४ हजारांची झाली, आणि त्यात महाविद्यालयाकडे गेलेला पैसा दहाव्या हिश्शाहूनही कमी आहे. फीची चौकशी सगळे करतात. राहण्या-खाण्याचा हा आकडा मात्र कुणी कागदावर मांडत नाही, आणि घराची ओढाताण नेमकी तिथेच होते. म्हणून शिष्यवृत्ती शोधताना नुसत्या फीमाफीवर थांबू नका. वसतिगृह मिळतं का, निर्वाह भत्ता मिळतो का, तेही बघा. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर राखीव प्रवर्गांच्या शिष्यवृत्त्या आहेत, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ताही आहे. अर्जाची मुदत चुकल्यामुळे दरवर्षी कितीतरी मुलं हक्काच्या पैशाला मुकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

तिसरा पर्याय खासगी विद्यापीठाचा. तिथे मानव्यविद्यांच्या पदवीची फी वर्षाला काही लाखांत जाते. काही ठिकाणी शिक्षण खरोखर उत्तम असतं : वर्ग लहान, ग्रंथालय समृद्ध, शिक्षक लेखनाचे कच्चे खर्डे वाचून सुधारून देणारे. ही किंमत पोकळ नाही. पण ती कर्जातून द्यायची असेल तर त्याचा अर्थ काय होतो, ते चौथ्या भागात पाहू.

२. सरासरी कमाईवर विसंबू नका

"इतिहासवाल्याला सरासरी किती मिळतात?" हा प्रश्न सरळ वाटतो, पण त्याचं उत्तर सहज फसवतं. समजा, इतिहासाचे पाच पदवीधर आहेत. त्यांचे महिन्याचे पगार १५,०००, १८,०००, २२,०००, २५,००० आणि १,२०,०००. बेरीज दोन लाख, म्हणून सरासरी ४०,०००. या पाचांपैकी चौघांना ४०,००० च्या जवळपासही मिळत नाही. पाचवा बहुधा अधिकारी झाला असेल किंवा मोठ्या कंपनीत गेला असेल, आणि त्याच्या एकट्याच्या पगाराने सरासरी वर ओढली गेली.

त्याऐवजी पगार चढत्या क्रमाने मांडा आणि मधला आकडा बघा. तो आहे २२,०००. याला मध्यक म्हणतात. कर्जाचा विचार करणाऱ्याने मध्यक पाहावा, आणि त्याहीपेक्षा खालच्या दोन आकड्यांकडे नीट पाहावं. हप्ता भरायची वेळ येते तेव्हा तुम्ही पाचांपैकी नेमके कोण असाल, ते सही करताना कुणालाच ठाऊक नसतं.

इतिहासात वरच्या आणि खालच्या आकड्यांतलं हे अंतर मोठं असतं. नर्सिंगची पदवी घेतलेली मुलगी बहुतेक वेळा नर्स होते. इतिहासाची पदवी घेतलेली मुलगी शिक्षिका होईल, वकील होईल, तहसीलदार होईल, पत्रकार होईल, बँकेत जाईल किंवा विमा विकेल. दारं पुष्कळ असणं चांगलंच, पण कुठलंच दार पदवीच्या कागदावर आपोआप उघडत नाही. जवळजवळ प्रत्येक दारापुढे आणखी एक परीक्षा किंवा आणखी एक पदवी असते.

तुलनेतली आणखी एक चूक म्हणजे इतिहासाचा पदवीधर आणि आयआयटीचा अभियंता शेजारी उभे करणं. इतिहास घेतला नसता तर या मुलीने काय केलं असतं, हे पाहायला हवं. वर्षाला लाख-दीड लाख भरून एखाद्या खासगी महाविद्यालयात, नावडत्या शाखेत, रडतखडत अभियांत्रिकी केली असती, तर तुलना त्या आयुष्याशी करा. अशी तुलना केली की इतिहास अनेकदा वाटतो तितका मागे राहत नाही.

३. पगार उशिरा येतो

इतिहासाशी थेट जोडलेली सगळ्यांत ओळखीची वाट शिक्षकाची, म्हणून ती आधी पाहू.

शाळेत शिकवायचं तर पदवीनंतर दोन वर्षांचं बीएड, मग पात्रता आणि अभियोग्यता चाचण्या, मग पवित्र पोर्टलवरची भरती. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात. २०२३ पासून हे मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये आहे. पूर्ण वेतनश्रेणी त्यानंतर. अठराव्या वर्षी बीएला गेलेल्या मुलाची भरती वेळेवर झाली तरी नियमित पगार सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी सुरू होतो. भरतीला वेळेवर होण्याची सवय नाही, हे शिक्षक होऊ पाहणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

महाविद्यालयात शिकवायचं तर एमए, त्यात ५५ टक्के गुण, आणि वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं, भत्ते वेगळे. पगार उत्तम आहे. अडचण आहे ती पदांची. पदभरती वर्षानुवर्षं रखडते आणि त्या काळात सेट झालेली हुशार मुलं तासिका तत्त्वावर शिकवतात. हिशेब करून बघा : पदवीच्या तासिकेला ९०० रुपये आणि आठवड्याला नऊ तासिका धरल्या, तर आठवड्याचे ८,१०० झाले आणि चार आठवड्यांचे ३२,४००. ऐकायला बरं वाटतं. पण सुट्ट्या आणि परीक्षांचे दिवस वगळले तर तासिका वर्षातले आठेक महिनेच होतात. वर्षाचे २,५९,२०० झाले, म्हणजे बारा महिन्यांवर पसरले तर महिन्याला २१,६००. तेही सगळ्या तासिका मिळाल्या आणि मानधन थकलं नाही तर. एकाच विभागात, एकाच फळ्यासमोर, तोच अभ्यासक्रम शिकवणाऱ्या दोन माणसांच्या मिळकतीत एवढी तफावत असणं हा त्या तरुणांवरचा उघड अन्याय आहे. पण तो दूर होईपर्यंत विद्यार्थ्याने हिशेब २१,६०० चा करायचा, ५७,७०० चा नाही.

संशोधनाची वाट थोडी वेगळी आहे. नेटमध्ये जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये फेलोशिप मिळते. शिकताना पैसे देण्याऐवजी पैसे मिळतात, असा हा इतिहासाच्या वाटेवरचा मोलाचा टप्पा. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थाही पीएचडीसाठी अधिछात्रवृत्ती देतात. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी पूर्ण केली तर एमए न करताही नेट देता येते. वर्ष वाचलं म्हणजे एक वर्षाचा खर्च वाचला आणि कमाई एक वर्ष आधी सुरू झाली.

या सगळ्यातून एकच गोष्ट मनात पक्की करा. इतिहासाची कमाई शून्य नसते, पण ती उशिरा येते.

४. हप्ता मात्र वेळेवर येतो

शैक्षणिक कर्जाची आपल्याकडची चौकट साधारण अशी : शिक्षण सुरू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. या काळाला सवलतीचा काळ म्हणू. सवलत हप्त्याला असते, व्याजाला नसते. या काळात सरळव्याज साठत जातं आणि हप्ते सुरू होताना मुद्दलात मिसळतं. परतफेडीला पंधरा वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. साडेसात लाखांच्या वर बँक सहसा घर किंवा जमीन तारण मागते. आई किंवा वडील सहकर्जदार असतात.

आता खासगी विद्यापीठाचा हिशेब. फी वर्षाला चार लाख, तीन वर्षांचे बारा लाख, सगळे कर्जाचे. व्याजदर सोयीसाठी १० टक्के. पहिले चार लाख उचलल्यापासून हप्ता सुरू होईपर्यंत चार वर्षं जातात, त्यांचं व्याज १ लाख ६० हजार. दुसऱ्या वर्षीच्या चार लाखांवर तीन वर्षांचं १ लाख २० हजार. तिसऱ्या वर्षीच्या चार लाखांवर दोन वर्षांचं ८० हजार. एकूण ३ लाख ६० हजार. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी कर्ज बारा लाखांचं नाही, १५ लाख ६० हजारांचं आहे.

१० टक्के दराने दहा वर्षांत फेडायचं तर दर लाखाला महिन्याचा हप्ता साधारण १,३२२ रुपये बसतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामी येईल. १५ लाख ६० हजारांचा हप्ता झाला सुमारे २०,६००. मुदत पंधरा वर्षांची घेतली तर तो सुमारे १६,७६० वर येतो, पण एकूण भरणा पावणेपंचवीस लाखांऐवजी तीस लाखांवर जातो. हप्ता लहान झाला म्हणजे कर्ज स्वस्त झालं, असं नाही.

आता हा हप्ता मागच्या भागातल्या पगारांशेजारी ठेवा. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाचे २१,६००, हप्ता २०,६००. शिक्षण सेवकाचे १८,०००, हप्ता मिळकतीपेक्षा मोठा. आणि कॅलेंडर बघा : बीए एकविसाव्या वर्षी संपली, हप्ता बाविसाव्या वर्षी सुरू झाला, नियमित पगार सव्विसाव्या वर्षी. मधली चार वर्षं कोण भरणार? पुढे एमए किंवा बीएडला प्रवेश घेतला तर बँकेकडून मुदत वाढवून मिळू शकते, पण व्याज वाढतच राहतं. वर्षात फेडायचं पीककर्ज काढून हापूसची कलमं लावण्यासारखं हे आहे. कलम चांगलं आहे, जमीनही चांगली आहे. पण पहिला आंबा लागायच्या कितीतरी आधी सोसायटीची नोटीस दारात येते.

म्हणूनच "इतिहासात पैसा नाही" हे वाक्य मला अपुरं वाटतं. कमाई कधी सुरू होते आणि फेड कधी सुरू होते, या दोन तारखांचा मेळ बसत नाही, अडचण तिथे आहे. कर्ज लहान असलं की ही दरी ट्यूशन घेऊन, अर्धवेळ नोकरी करून भरून काढता येते. मोठं असलं की आवडता विषय सोडून, मिळेल ती नोकरी धरावी लागते, आणि ज्यासाठी कर्ज काढलं तेच हातातून जातं.

५. कर्जाच्या अटी रकमेइतक्याच महत्त्वाच्या

१९१३ साली भीमराव आंबेडकर नावाचा बावीस वर्षांचा तरुण बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. तिथे त्यांनी अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान आणि इतिहास अभ्यासला. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिचे वित्तव्यवहार यांवर त्यांनी १९१५ साली तिथेच लेखन केलं. पुढे ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट ठेवून परतावं लागलं. करारानुसार ते बडोद्याला रुजू झाले. तिथे जातीमुळे राहायला जागा मिळेना, कचेरीत अपमान होऊ लागला, आणि काही दिवसांतच त्यांना बडोदा सोडावं लागलं. मग मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. त्यात शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज, या बळावर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले.

शिष्यवृत्ती असो की कर्ज, त्याच्यासोबत येणाऱ्या अटी पुढची वर्षं आखून टाकतात. म्हणून रकमेइतक्याच त्या बारकाईने वाचायला हव्यात.

परदेशातल्या लेखांवरून आपल्याकडचे निर्णय घेताना नेमकी हीच गफलत होते. इंग्लंडमध्ये २०२३ पासून पदवीला गेलेल्या तिथल्या विद्यार्थ्यांना सरकारी कर्ज मिळतं. वर्षाला २५,००० पौंडांच्या वर जेवढी कमाई, तिच्या ९ टक्केच फेड करायची. कमाई त्याखाली गेली की फेड थांबते. चाळीस वर्षांनंतर उरलेलं कर्ज माफ होतं. तिथली इतिहासाची पदवीधर कमी पगाराची नोकरी धरते तेव्हा तिचा हप्ताही कमी होतो. आपल्या बँकेचा हप्ता पगार विचारत नाही. नोकरी असो-नसो, दर महिन्याला तेवढीच रक्कम. तेव्हा तिथल्या कुणी मोठं कर्ज काढून इतिहास केला म्हणून आपणही करावा, हे जुळत नाही.

आणि आपला विद्यार्थी एमएसाठी ब्रिटनला जातो तेव्हा त्याला तिथलं हे सौम्य कर्ज मिळत नाही. तो इथलंच कर्ज घेऊन जातो. ३० लाख कर्ज, ११ टक्के व्याज, एक वर्ष शिक्षण आणि एक वर्ष सवलतीचं धरलं तर फेड सुरू होताना ते ३६ लाख ६० हजार होतं. पंधरा वर्षांसाठी हप्ता सुमारे ४१,६००. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७००, आणि तिथवर पोचायला परदेशी एमए असलं तरी नेट किंवा सेट लागतेच. परदेशी शिकायची ओढ मला कळते. मराठ्यांच्या आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या इतिहासाची ढीगभर कागदपत्रं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पण तिथवर फेलोशिपने जावं, तारण ठेवलेल्या घरावर जाऊ नये.

सरकारी मदतीच्या अटीही विषय बघून बदलतात. २०२४ साली मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारणाशिवाय कर्ज देते, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात व्याजात तीन टक्के सूट मिळू शकते. पण साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना मिळणारी संपूर्ण व्याजमाफी तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. इतिहासाचा बीए त्यात बसत नाही. अनुसूचित जाती आणि इतर वंचित घटकांसाठीच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांतून २०२२ साली भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. ज्या समाजाचा इतिहास लिहायचा राहिला, त्याच समाजातल्या मुलांना परदेशी विद्यापीठात तो अभ्यासायला मदत नाकारणं मला अत्यंत चुकीचं वाटतं. तेव्हा नुसतं योजनेचं नाव ऐकून थांबू नका. तुमचा विषय त्यात आहे का, ते त्या वर्षीच्या नियमांत तपासा.

६. कागदावर न दिसणारं कर्ज

महाराष्ट्रात इतिहास घेणाऱ्या फार मोठ्या गटाचा खरा खर्च पदवीनंतर सुरू होतो. तो म्हणजे स्पर्धा परीक्षा. इतिहास तिथे उपयोगी पडतो, यात शंका नाही. पूर्व परीक्षेत तो आहे, मुख्य परीक्षेत आहे, वैकल्पिक विषय म्हणूनही घेता येतो. पण आकडे बघा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेला ९ लाख ९२ हजारांवर अर्ज आले, त्यांतले ५ लाख ८३ हजार प्रत्यक्ष परीक्षेला बसले आणि शिफारस झाली १,००९ जणांची. बसलेल्यांत हजारी दोनही नाहीत.

पुण्याच्या सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणं, मेस, अभ्यासिका, पुस्तकं, फॉर्म मिळून महिन्याला १२,००० धरा. तीन वर्षांचे ४ लाख ३२ हजार. क्लासची फी वेगळी. शिवाय याच तीन वर्षांत १५,००० ची नोकरी केली असती तर ५ लाख ४० हजार मिळाले असते. म्हणजे क्लास सोडून ९ लाख ७२ हजार. हे कर्ज कुठल्याही बँकेच्या पुस्तकात नसतं. वडिलांनी विकलेल्या अर्ध्या एकरात असतं, बहिणीच्या पुढे ढकललेल्या शिक्षणात असतं, पतसंस्थेत गहाण पडलेल्या दागिन्यांत असतं. बँकेचं कर्ज एक दिवस फिटतं तरी. विकलेली जमीन परत येत नाही.

परीक्षा देऊ नका, असं मी म्हणत नाही. तीन गोष्टी मात्र आधी ठरवा : किती प्रयत्न, कोणत्या वर्षापर्यंत, आणि किती रुपयांपर्यंत. हे आकडे वडिलांना सांगा, कागदावर लिहून ठेवा. बार्टी, सारथी, महाज्योती विद्यावेतनासह प्रशिक्षण देतात, त्यांच्या चाळणी परीक्षा आधी द्या. आणि तयारीच्या काळातच बीएड, विधी किंवा ग्रंथालयशास्त्र यांपैकी काहीतरी पदरात पाडून घ्या. निकाल काहीही लागला तरी त्या वर्षांच्या हाती काहीतरी राहिलं पाहिजे.

७. पदवीला जोड कशाची?

दोन इतिहास पदवीधरांत पुढे मोठं अंतर पडतं, ते बहुधा गुणांमुळे पडत नाही. एकाला नुसता अभ्यासक्रम येतो, दुसऱ्याला त्याशिवाय एखादं कसब येतं. महाराष्ट्रात असं सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित कसब म्हणजे मोडी लिपीचं वाचन. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. जमिनीच्या वादांत, इनामांच्या आणि देवस्थानांच्या दाव्यांत आजही मोडी दस्त निघतात आणि ते वाचून लिप्यंतर करून द्यावे लागतात. २०२३ साली मराठवाड्यातल्या मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि तालुक्या-तालुक्यांत एकदम मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. माणसं कमी पडली. मोडी शिकायला काही महिने आणि थोडे पैसे लागतात, त्यासाठी कुणालाही कर्ज काढावं लागत नाही. मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याने उर्दू आणि फारसी, गोव्यातल्या विद्यार्थ्याने पोर्तुगीज शिकली तर पुराभिलेखांतली अशी दालनं उघडतात जिथे स्पर्धा फार थोड्यांशी असते.

दुसरी जोड पुरातत्त्व, संग्रहालयशास्त्र आणि पर्यटनाची. पुण्याचं डेक्कन कॉलेज पुरातत्त्वासाठी देशभर मान्यता पावलेलं आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांतले अकरा महाराष्ट्रात आणि एक, जिंजी, तमिळनाडूत. पुराव्याला धरून आणि चांगल्या इंग्रजी-हिंदीत किल्ला समजावून सांगणारा वाटाड्या तिथे लागणार आहे. ही मिळकत हंगामी असते, म्हणून तिच्या भरवशावर कर्ज काढू नये. पण शिकतानाच तिची सुरुवात करता येते.

आणखी एक वाट आपल्याकडे जुनी आहे. पोट एका कामावर आणि इतिहास दुसऱ्या वेळात. न्यायमूर्ती रानडे न्यायाधीश होते, त्यांचं मराठी सत्तेच्या उदयावरचं पुस्तक १९०० साली आलं. पां. वा. काणे मुंबईला वकिली करत आणि त्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड लिहिले. दामोदर कोसंबी गणिताचे प्राध्यापक, आणि प्राचीन भारताच्या इतिहासलेखनाला त्यांनी वेगळं वळण दिलं. घरची परिस्थिती फारच बेताची असेल तर वाणिज्य किंवा विधी मुख्य ठेवून इतिहास आयुष्यभर करता येतो, आणि तो दुय्यम दर्जाचा होतो असं मुळीच नाही. उलट, इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांचं उदाहरण देऊन गरीब घरातल्या मुलांना फकिरीचा उपदेश करणं मला पटत नाही. राजवाड्यांनी ती स्वतःहून पत्करली होती.

८. मग किती कर्ज झेपेल?

माझी मोजणी अशी आहे. तुमच्या वाटेवरचा सरासरी पगार घेऊ नका, खालचा घ्या. समजा २०,०००. त्याचा पाचवा हिस्सा हप्त्याला जाऊ शकतो, म्हणजे ४,०००. त्यापुढे गेलात तर शहरातलं भाडं देऊन हातात काही राहत नाही. आता मघाचा आकडा आठवा : दहा वर्षांसाठी लाखाला १,३२२. चार हजारांच्या हप्त्यात बसतं सुमारे तीन लाखांचं कर्ज, आणि तेही फेड सुरू होण्याच्या दिवशीचं. सवलतीच्या काळातलं तीसेक टक्के व्याज वगळलं तर प्रत्यक्ष उचलता येण्याजोगी रक्कम सव्वादोन लाखांच्या आसपास. शक्य असेल तर शिकतानाच व्याज भरत राहा, म्हणजे हा डोंगर वाढत नाही. जुन्या करप्रणालीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षं वजावट मिळते. पण करपात्र उत्पन्न असेल तरच तिचा उपयोग.

सव्वादोन लाखांत अनुदानित महाविद्यालयातली फी निघते, पुस्तकं निघतात, वसतिगृह मिळालं तर राहणंही बरंचसं निघतं. खासगी विद्यापीठाचं एक वर्षही निघत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. अनुदानित महाविद्यालयात, शिष्यवृत्तीवर किंवा मुक्त विद्यापीठातून इतिहास घ्यायची इच्छा असेल तर बिनधास्त घ्या, आणि "पुढे काय?" असं विचारणाऱ्याला हा हिशेब दाखवा. खासगी विद्यापीठात फीचा मोठा हिस्सा माफ होत असेल तर तिथेही जा. पण नुसत्या कर्जावर बारा लाखांची बीए किंवा तीस लाखांची एमए करू नका, कितीही मोठं नाव असलं तरी.

आणि तरीही अर्ज भरायचाच ठरला, तर सही करण्याआधी बँकेतल्या अधिकाऱ्याकडून तीन आकडे लिहून मागा : फेड सुरू होण्याच्या दिवशी कर्ज किती झालेलं असेल, महिन्याचा हप्ता किती, आणि शेवटच्या हप्त्यापर्यंत एकूण किती भरावे लागतील. ते आकडे आई-वडिलांसमोर मोठ्याने वाचा. सहकर्जदार म्हणून सही त्यांचीही असते, आणि हप्ता थकला तर पत त्यांचीही जाते.